पाकिटाची मागची बाजू

दुकान विकलं तेव्हा एक कात्री मात्र मी घरी घेऊन आलो. काळ्या मुठीची, बोटभर पात्यांची साधी कात्री. एकतीस वर्षं तिने एकच काम केलं, गोळ्यांची पाकिटं कापायचं. दहाच्या पाकिटातल्या कधी सहा, कधी चार, कधी एकच. बाजाराच्या दिवशी डोक्याला रुमाल गच्च आवळून आलेला हमाल "दादा, डोकं लई दुखतंय, एक गोळी द्या" म्हणायचा तेव्हा त्याच्या मुठीत एका गोळीचेच पैसे असायचे. त्याला अख्खं पाकीट घ्या म्हणण्यात अर्थ नव्हता. कापताना हाताला एक शिस्त लागली होती. ज्या टोकाला बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेली असते ते टोक दुकानात ठेवायचं आणि दुसरं गिऱ्हाइकाला द्यायचं. उरलेल्या गोळ्यांची मुदत कधी संपते ते दुकानदाराला कळायला हवं ना! गिऱ्हाइकाच्या हातात मग जायचा एक चंदेरी तुकडा आणि त्यावर नावातली अडीच अक्षरं.

त्या अडीच अक्षरांचा विचार मी दुकानात कधी केला नाही. तो करायची वेळ घरात आली.

२०१९ च्या पावसाळ्यात आई पुण्याला ताईकडे गेली होती. तिथे तिला न्यूमोनिया झाला, सहा दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. परत आली ती पिशवीभर औषधं आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन. कार्ड मी वाचलं. बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५ अशी एकत्र गोळी लिहिली होती. टेल्मिसार्टन ४० तिला अकरा वर्षं चालूच होती, माझ्याच दुकानातून जात होती. तिला आता ॲम्लोडिपिनची जोड दिली आहे, हे मला एका नजरेत कळलं. "ही नवीन गोळी रोज सकाळी घे," मी म्हणालो. "जुनी बंद कर" हे म्हणायचं राहिलं. मला ते इतकं उघड होतं की तोंडातून बाहेर पडायची गरजच वाटली नाही.

आईच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोळ्या होत्या. एक पांढरी, लांबट, मुलाच्या दुकानातली. दुसरी दोन रंगांच्या थरांची, पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांची. तिने दोन्हींचा मान राखला. नवव्या दिवशी सकाळी पूजा आटोपून ती पाटावरून उठली आणि देवघरासमोरच कोसळली. उजवं मनगट मोडलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बीपी घेतलं तर वरचा आकडा झोपलेलं असताना ९४, उठवून बसवल्यावर ८० च्या आसपास. टेल्मिसार्टनचा असर चोवीस तास टिकतो. दोन्ही गोळ्या मिळून ती रोज टेल्मिसार्टन ८० मिलिग्रॅम घेत होती, वर ॲम्लोडिपिन. शहात्तर वर्षांचं, नुकतंच आजारातून उठलेलं शरीर.

"कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं. मी आईचा स्टीलचा डबा उघडला.

डब्यात नुसते तुकडे. दोन गोळ्यांचा, तीन गोळ्यांचा, एक तर एकाच गोळीचा. घरचं माणूस म्हणून अख्खी पाकिटं गिऱ्हाइकाला आणि कापून उरलेले तुकडे आईला, असा माझा वर्षानुवर्षांचा हिशेब होता. गोळी तीच, मुदत मी स्वतः पाहिलेली, फुकट का घालवा? प्रत्येक तुकड्याच्या कडेला बारीकसा दाता होता, माझ्या कात्रीच्या पात्याला एके ठिकाणी खाच आहे त्याचा. मुदतीची तारीख सगळ्यांवर होती. पूर्ण नाव एकावरही नव्हतं.

गिऱ्हाईक औषध कशाकशावरून ओळखतं ते मला तोंडपाठ होतं. रंगावरून: ती गुलाबी द्या. कामावरून: रक्त पातळ करायची. डॉक्टरवरून: मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेली. जागेवरून: तुमच्या त्या वरच्या फळीवरची, डावीकडची. आणि 'पॉवर'वरून. पॉवर हा आमच्या धंद्यातला सगळ्यात गमतीचा शब्द. साडेसहाशे पॉवरची गोळी पाचशेपेक्षा जोरकस, हे एकाच औषधाबद्दल खरं. पण लोक हा आकडा सगळीकडे लावतात. "बीपीची फक्त पाच पॉवरची आहे, तिने काय होतंय" म्हणून ॲम्लोडिपिन सोडून देणारे मी पाहिले आहेत. शुगरची मेटफॉर्मिन हजार मिलिग्रॅमची येते आणि थायरॉइडची गोळी पन्नास मायक्रोग्रॅमची. दोन्हींतल्या औषधाच्या वजनात वीस हजार पटींचा फरक. त्यावरून कोण जोरकस ठरवायला गेलात तर फसलात. पन्नास मायक्रोग्रॅमची ती चिमुकली गोळी सगळं शरीर हलवते.

औषधाचं खरं नाव पाकिटाच्या मागच्या बाजूला असतं. 'ईच फिल्म कोटेड टॅब्लेट कन्टेन्स' अशी सुरुवात, मग घटकाचं नाव, त्यापुढे आय. पी., म्हणजे भारतीय औषधकोशाप्रमाणे, आणि मग मिलिग्रॅमचा आकडा. समोरचं मोठं नाव कंपनीने ठेवलेलं. टोपणनावासारखं ते. घरात एकाला बाळू म्हणतात आणि शेजारच्या आळीतही एक बाळू असतो, तसाच प्रकार. पाळण्यातलं नाव मागे. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली ठरवलं की औषधी द्रव्याला जगभर एकच, कुणाच्याही मालकीचं नसलेलं नाव असावं. अशा नावांची पहिली यादी १९५३ साली निघाली. आमच्या डिप्लोमाच्या वर्गात हे एका ओळीत उरकलं होतं. पुढे दुकानात बसल्यावर लक्षात आलं की या नावांना आडनावंही आहेत. आपल्याकडे सातारकर, पंढरपूरकर म्हटलं की माणूस कुठला ते कळतं, तसं टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन ही सगळी सार्टन मंडळी बीपीची. रामिप्रिल, एनालाप्रिल ही प्रिल. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल हे ओलॉल. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल हे पोटातल्या ॲसिडवाले. अटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन कोलेस्टेरॉलवाले. दोन पाकिटांवर एकच आडनाव दिसलं की थांबायचं आणि विचारायचं. मला माझ्याच घरात ते दिसायला हवं होतं.

आडनावावरून एक शिक्षक आठवतात. निवृत्त, हिंदी शिकवायचे. अडीच महिने खोकत होते. कोरडा, ठसक्यासारखा खोकला, रात्री जास्त. एक बाटली झाली, दुसरी झाली, मग एक्स-रे काढला, तो स्वच्छ. मग कुणीतरी ज्येष्ठमध सांगितलं, कुणी गूळ बंद करायला लावला. तिसऱ्या बाटलीसाठी आले तेव्हा दुकानात गर्दी नव्हती म्हणून मी विचारलं, "गुरुजी, आणखी काय काय घेता?" त्यांनी खिशातून पाकीट काढलं. पूर्ण पाकीट, न कापलेलं. मागे लिहिलं होतं रामिप्रिल. प्रिल घराण्यातल्या गोळ्यांनी काही जणांना असा कोरडा खोकला होतो. शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य साचतं त्याने. पुस्तकातलं हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं. पहिल्या दोन बाटल्या विकताना ते मला आठवलं नाही, कारण दोन्ही वेळा गुरुजींनी खोकल्याचं औषध मागितलं आणि मी खोकल्याचं औषध दिलं. त्यांच्या डॉक्टरांनी प्रिल काढून सार्टन दिली. तीन आठवड्यांत खोकला गेला. गुरुजींनी पेढे आणले. ते खाताना मला त्या दोन बाटल्यांचे पैसे आठवत होते.

ॲलर्जीचंही तेच. "मला पेनिसिलिन चालत नाही" हे माणूस छातीवर हात ठेवून सांगतो आणि दाढदुखीला कुणीतरी दिलेली ॲमॉक्सिसिलिनची कॅप्सूल निर्धास्त गिळतो. सिलिन हे आडनाव त्याने ऐकलेलं नसतं, आणि समोर छापलेल्या नावात ते असेलच असं नाही.

पण सगळ्यात जास्त वेळा, सगळ्यात निष्पापपणे एकाच औषधाची भर पडते ती पॅरासिटामॉलची. ते इतकं ओळखीचं आहे की कुणी त्याला औषधच समजत नाही. क्रोसिन म्हणा, कॅलपॉल म्हणा, डोलो म्हणा, मागे नाव एकच. एक टेम्पो चालवणारा मुलगा होता, पंचविशीचा. ताप, सर्दी, अंगदुखी, आणि गाडी घेऊन नगरला जायचंच होतं. त्याच्या खिशात तीन ठिकाणची तीन पाकिटं निघाली. तापाची ६५० ची गोळी तो चार वेळा घेत होता: २६०० मिलिग्रॅम. सर्दीची गोळी तीन वेळा, तिच्यात पॅरासिटामॉल ५००: पंधराशे. अंगदुखीची जोडगोळी दोन वेळा, तिच्यात वेदनाशामकाबरोबर पॅरासिटामॉल ३२५: साडेसहाशे. मी बिलाच्या पाठीवर बेरीज मांडून त्याच्यापुढे धरली. ४७५०. धडधाकट प्रौढ माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४०००, आणि तो दोन दिवस धड जेवला नव्हता. "अहो, पण तिन्ही वेगवेगळ्या आहेत," तो म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. एक तापावरची, एक सर्दीवरची, एक दुखण्यावरची.

पॅरासिटामॉलचा थोडासा भाग यकृतात एका विषारी द्रव्यात बदलतो. यकृतात ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो, तो हे विष जागच्या जागी निकामी करतो. गोळ्या बेतात असतील तर हा व्यवहार रोज बिनबोभाट चालतो. जास्त झाल्या, उपाशीपोटी झाल्या किंवा दारूची सवय असली की साठा अपुरा पडतो. वाईट भाग असा की पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही. मळमळ, थोडा थकवा, तोही तापाच्या खाती जमा होतो. कावीळ दिसते ती दोन-तीन दिवसांनी. यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन, आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम काम करतो. पण ज्याला काहीच होत नाही तो आठ तासांत दवाखान्यात कशाला जाईल? त्या मुलाला मी डॉक्टरांकडे पाठवलं, रक्त तपासलं, यकृत ठीक होतं. उरलेली दोन पाकिटं त्याने माझ्याकडेच ठेवली. मी ती मालात घेतली नाहीत, विकताही आली नसती. टोपलीत टाकली.

हीच बेरीज समुद्रापलीकडेही चुकते. मुलाकडे अमेरिकेला निघालेले आई-वडील माझ्याकडून सहा महिन्यांची औषधं बांधून न्यायचे. तिथे ताप आला की बॅगेतली आपली गोळी घ्यायची, आणि सून प्रेमाने टायलेनॉल द्यायची. टायलेनॉलवर लिहिलेलं असतं ॲसिटामिनोफेन. ते पॅरासिटामॉलच. एकाच लांबलचक रासायनिक नावातून इंग्लंडने एक तुकडा उचलला, अमेरिकेने दुसरा. दम्याच्या पंपातलं आपलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होतं. जगाला एक नाव द्यायचं ठरलं तरीही काही घरांनी आपलं वेगळंच नाव ठेवलं.

समोरच्या नावांचा गोंधळ तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. एकाच मूळ उद्योगातून फुटलेल्या दोन कंपन्यांची मलेरियाची दोन औषधं, फाल्सिगो आणि फाल्सिटॅब. एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. २००१ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की इतर मालाच्या बाबतीत चालेल तेवढा नावांचा सारखेपणा औषधांत चालवून घेता येणार नाही. तो निकाल कुणी एखाद्या मेडिकलमध्ये संध्याकाळी सात वाजता उभं राहून वाचावा. बाहेर चार स्कूटर उभ्या, आत सात जण एकदम बोलतायत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं अक्षर मुंगी शाईत बुडून चालल्यासारखं, आणि कामावरचा पोरगा फळीवर हात घालून विचारतोय, "शेठ, शेवटी ओ का ए?" २०१८ पासून नियम आहे की घटकाचं नाव व्यापारी नावापेक्षा निदान दोन आकार मोठ्या अक्षरात असावं. नियम चांगला आहे. पण अक्षर कितीही मोठं केलं तरी चंदेरी कागदावरची इंग्रजी ती. दिव्याखाली धरली की चकाकते, बाजूला धरली की दिसत नाही.

माझ्या हातून थोडक्यात निसटलेली, अजून झोपेत आठवणारी एक गोष्ट मात्र सात वाजताच्या गर्दीतली नाही. दुपारची आहे. पन्नाशीच्या एक काकू तोंड आल्याचं सांगत मलम मागायला आल्या. मी ट्यूब काढली, पिशवीत घातली. पैसे देताना त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं, म्हणाल्या, "पाणीसुद्धा झोंबतंय हो." तोंड येणं आणि पाणी झोंबणं यात फरक आहे. विचारलं तर त्यांचा संधिवात मोठ्या डॉक्टरांना दाखवला होता, पाच दिवसांपूर्वी गोळ्या सुरू झाल्या होत्या. मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड. मेथोट्रेक्सेट संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. फॉलिक ॲसिड बाकीच्या दिवशी, त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून. दोन्ही गोळ्या बारीक, दोन्ही पिवळ्या. काकूंनी डॉक्टरांचं सगळं नीट ऐकलं होतं. सोमवारी ही, बाकीचे दिवस ती. फक्त 'ही' आणि 'ती' यांची अदलाबदल झाली होती. मी रिक्षा बोलावली आणि त्यांच्या यजमानांना फोन लावला. बारा दिवस दवाखान्यात काढून त्या बऱ्या झाल्या. ती ट्यूब आधी पिशवीत पडली होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यानंतर माझ्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर मी मार्करने वार लिहिला. सोमवार. इंग्रजीत नाही, आकड्यात नाही.

लहान मुलांच्या औषधांत तर नाव वाचूनही भागत नाही. पॅरासिटामॉलचं पातळ औषध एका बाटलीत पाच मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०, आणि तान्ह्या बाळाच्या ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरलाच १००. बाळ लहान म्हणून ड्रॉप्स हलके असतील, असं आजीला वाटतं. पहिल्या बाटलीच्या मानाने ते चौपट दाट असतात. ड्रॉप्सबरोबर आलेली नळी हरवली आणि त्याऐवजी चहाचा चमचा वापरला की काय होईल, त्याचा हिशेब आजीने करावा अशी आपली अपेक्षा असते.

एवढं सगळं लिहिल्यावर मागची बाजू वाचली की झालं, असं वाटू शकतं. मला तसं वाटत नाही. १९८६ च्या सुरुवातीला मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. त्यांना ग्लिसरीन दिलं गेलं होतं. ते ग्लिसरीन औषधी दर्जाचं नव्हतं, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं, कारखान्यांत वापरायचं गोडसर द्रव. मूत्रपिंडं बंद पडली. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, आणि आमचे सर त्या सुनावणीची कात्रणं वर्गात आणून वाचायचे. अमेरिकेत १९३७ साली याच द्रवात सल्फानिलमाइड विरघळवून विकलं गेलं होतं आणि शंभराहून जास्त माणसं मेली होती, हेही तेव्हाच कळलं. मला वाटलं होतं, ही इतिहासाची गोष्ट झाली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत यायला लागली. सर्दी-खोकल्याची बाटली. तपासणीत त्या बाटलीत डायएथिलीन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के.

त्या बाटलीवर घटकांची नावं छापलेली होती: पॅरासिटामॉल, फिनाइलेफ्रीन, क्लोरफेनिरामिन. यातलं फिनाइलेफ्रीन-क्लोरफेनिरामिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं सरकारनेच २०२३ मध्ये सांगितलं होतं. ते वाचणाऱ्याला कळलं असतं. विष कळलं नसतं. ते नावांच्या यादीत नव्हतं. घटकांच्या यादीखाली बारीक अक्षरात एक ओळ असते, 'एक्सिपियंट्स क्यू. एस.' म्हणजे औषध घडवायला लागणारं बाकी सगळं, साखर, पाणी, रंग, द्रावक, 'लागेल तेवढं'. आमच्या दुकानात एकतीस वर्षांत या ओळीवर कुणी बोट ठेवून विचारल्याचं मला आठवत नाही. मीही कधी ठेवलं नाही. तिथे गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघंही सारखेच आंधळे. ती ओळ तपासणं प्रयोगशाळेचं आणि सरकारी निरीक्षकाचं काम, आणि त्यांनी ते केलं नाही तर मागची बाजू कितीही वाचा.

आईचं मनगट प्लॅस्टरमध्ये असतानाच मी दुकानात कागदी पाकिटांची चळत आणून ठेवली. पाकीट कापलं की तुकडा त्या कागदी पाकिटात, वर मराठीत घटकाचं नाव, किती, केव्हा. पहिले आठ दिवस जोरात चाललं. मग संध्याकाळची गर्दी, आणि कामावरच्या पोराचं तोंड. "शेठ, एवढं लिहीत बसलं तर रात्रीचे बारा वाजतील." खरंच वाजले असते. शेवटी साठीच्या पुढचे, तीनपेक्षा जास्त गोळ्यावाले आणि लहान मुलं, एवढ्यांनाच लिहून द्यायचं ठरलं. तेही रोज जमलं असं नाही. काही जण कागद दुकानाच्या पायरीवरच टाकून तुकडा तेवढा खिशात घालायचे. एका मामांनी तर वाचून मला परत दिला: "हे तुमच्याकडंच ठेवा. मला ती गुलाबी आहे एवढं माहीत आहे."

आईसाठी पुण्याहून ताईने आठवड्याचा डबा पाठवला, सात वारांचे सात कप्पे. आईला आवडला. मला तो बाजूला ठेवावा लागला, निदान टेल्मिसार्टनपुरता. ही गोळी हवेतला ओलावा शोषते. पाकिटातून काढून पावसाळ्यात आठवडाभर उघडी ठेवली तर खराब होते. तेव्हा पाकीट राहिलंच. पण आता अख्खं.

आई सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी वाचता येत नाही. एका रविवारी मी तिच्यासमोर बसून एकेक पाकीट उलटं करत गेलो आणि नाव मोठ्याने वाचत गेलो. प्लॅस्टर सुटून महिना झाला होता, बोटं अजून नीट वळत नव्हती. तिने जुन्या कॅलेंडरची पानं फाडली, कोऱ्या बाजूला एकेक नाव लिहिलं आणि ते कागद रबराने पाकिटांना गुंडाळले. 'टेलमी सारटन आणि अमलो. बीपी. सकाळी. एकच.' 'एकच'च्या खाली दोन रेघा. आडनावांची गोष्ट सांगितली तेव्हा हसली. म्हणाली, "म्हणजे औषधांतसुद्धा सोयरीक बघायची."

आता ती ब्याऐंशीची आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली. मी नवीन पाकीट आणून तिच्या हातात दिलं. तिने ते उलटं केलं, खिडकीपाशी उजेडात नेलं, तिरकं धरून पाहिलं, आणि माझ्याकडे परत देत म्हणाली, "वाच."

"ओल्मेसार्टन," मी वाचलं. "वीस. आणि ॲम्लोडिपिन, पाच."

"सारटनच्याच घरातली की," आई म्हणाली. "मग जुनी बंद ना?"